ऑफिसच्या प्रिंटरवर कोणी छापायचं, हे विंडोजमध्ये कसं ठरवावं

ऑफिसात रंगीत लेझर प्रिंटर आला की थोड्याच दिवसांत टोनर कुठे जातो याची चौकशी सुरू होते. मुलांचे प्रोजेक्ट, बारशाची निमंत्रणं, सहलीचे फोटो असं सगळं त्यातूनच निघालेलं असतं. 'खासगी प्रिंट काढू नयेत' अशी पाटी चिकटवून फारसा फरक पडत नाही. ती पाटीही बहुतेक वेळा रंगीतच छापलेली असते. विंडोज १० किंवा ११ असेल तर वेगळं सॉफ्टवेअर न घेता हा बंदोबस्त करता येतो.

आधी खाती बघा. सगळेजण एकाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावर बसत असतील तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही, कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कुठलीही परवानगी स्वतः बदलून घेऊ शकतो. प्रत्येकाला स्वतंत्र 'स्टँडर्ड' खातं आणि पासवर्ड द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकदोघांकडेच असू द्या.

१. गट तयार करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा. तिथे 'लोकल यूजर्स अँड ग्रुप्स'मध्ये 'ग्रुप्स'वर राइट क्लिक करून 'न्यू ग्रुप' निवडा. नाव सरळ ठेवा, उदाहरणार्थ 'रंगीत छपाई', आणि 'अ‍ॅड' करून माणसं जोडा. प्रिंटरला थेट माणसांची नावंही देता येतात, पण उद्या एखादा कारकून सोडून गेला, नवा आला, की प्रत्येक प्रिंटर उघडून नावं शोधत बसावं लागतं. गट असला की एकाच ठिकाणी नाव काढायचं, एकाच ठिकाणी घालायचं. विंडोजच्या होम आवृत्तीत हा विभाग मिळत नाही. तिथे पुढच्या पायरीत एकेक खातं जोडा.

२. प्रिंटरच्या परवानग्या उघडा. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', त्यात तुमचा प्रिंटर, मग 'प्रिंटर प्रॉपर्टीज' आणि 'सिक्युरिटी' टॅब. ('प्रिंटिंग प्रेफरन्सेस' वेगळं, त्यात कागदाचा आकार वगैरे असतं.) 'एव्हरीवन'समोर 'प्रिंट'ची खूण दिसेल, म्हणजे सध्या दार सगळ्यांना उघडं आहे. 'क्रिएटर ओनर'कडे 'मॅनेज डॉक्युमेंट्स' असतं, त्यामुळे ज्याने प्रिंट दिली तो आपली प्रिंट रद्द करू शकतो, दुसऱ्याची नाही. ही सोय चांगली आहे, राहू द्या.

३. आधी जोडा, मग काढा. 'अ‍ॅड' दाबून आपला गट घाला, 'प्रिंट'समोर 'अलाउ'ची खूण आहे ना ते पाहा. त्यानंतरच 'एव्हरीवन' निवडून 'रिमूव्ह' करा.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे 'एव्हरीवन' काढण्याऐवजी त्याच्यासमोर 'डिनाय'ची खूण करणं. डिनाय हे अलाउवर मात करतं, आणि 'एव्हरीवन'मध्ये तुमचा गटही येतो, तुम्हीही येता. मग कोणाचंच काही छापून येत नाही. नकार द्यायचा तर नाव यादीतून काढणं पुरेसं असतं. 'ऑल अ‍ॅप्लिकेशन पॅकेजेस' आणि 'अकाउंट अननोन' म्हणून लांबलचक आकड्यांची नोंद दिसली तर मात्र हात लावू नका. त्या अ‍ॅप्सच्या छपाईसाठी असतात.

४. साइन आउट करायला लावा. कोण कोणत्या गटात आहे याची यादी विंडोज साइन इनच्या वेळी बनवतं आणि दिवसभर तीच वापरतं. नवा सदस्य जोडला तरी तो पुन्हा साइन इन करेपर्यंत अडलेलाच राहतो. मग गटातल्या एकाच्या आणि गटाबाहेरच्या एकाच्या खात्यावरून एकेक पान छापून बघा.

गटाबाहेरच्यांना साधी काळी छपाई तरी हवीच ना? तोच प्रिंटर त्याच पोर्टवर (म्हणजे त्याच जोडणीवर) दुसऱ्या नावाने पुन्हा जोडा. या नोंदीला शक्य असल्यास फक्त काळ्या छपाईचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लावा, आणि 'एव्हरीवन' तसंच ठेवा. केवळ 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये ब्लॅक अँड व्हाइट निवडलं तर चतुर माणूस छापताना रंग पुन्हा चालू करू शकतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये छपाईची वेळही ठरवता येते आणि १ ते ९९ असा प्राधान्यक्रमही. ९९ सर्वांत वरचा. साहेबांची नोंद कुठे ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

एक मोठं भगदाड राहतं. प्रिंटर स्वतःच वायफायवर असेल तर कोणीही आपल्या लॅपटॉपवरून थेट त्याला जोडून घेतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवरच्या परवानग्यांना विचारतही नाही. एक तर प्रिंटर यूएसबीने एकाच कॉम्प्युटरला जोडून तिथून शेअर करा, नाहीतर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये सोय असल्यास फक्त त्या कॉम्प्युटरच्या आयपी पत्त्याला (नेटवर्कवरच्या त्याच्या क्रमांकाला) परवानगी द्या. शेअर करताना खात्यांना पासवर्ड हवाच, कारण बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही.

विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स प्रणाली वापरणारेही गटच वापरतात. प्रिंटरच्या व्यवस्थेसाठी 'एलपीअ‍ॅडमिन', आर्डुइनोसारखे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ज्याला जोडतात त्या सीरियल पोर्टसाठी 'डायलआउट'. तिथेही गटात घातल्यावर लॉग आउट करावं लागतं. फक्त गटात घालणारी 'यूजरमॉड' आज्ञा देताना मोठ्या 'जी'बरोबर छोटा 'ए' विसरू नका. तो राहिला तर नवा गट मिळतो, पण जुने सगळे गट सुटतात, त्यात अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा 'सुडो' गटही गेला की दुरुस्तीचे अधिकारच हातात उरत नाहीत.