कोटा संपल्याची त्रुटी एपीआयने कशी कळवावी

क्लाउड सेवेचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने ती सेवा वापरण्याचा ठरलेला मार्ग) बांधताना त्रुटींचे संदेश बहुधा शेवटी लिहिले जातात आणि त्यांतही कोटा (ग्राहकाला ठरवून दिलेली वापराची मर्यादा) संपल्याचा संदेश सर्वांत शेवटी, कारण सॉफ्टवेअर तयार होत असताना कोटा कधी संपतच नाही. तो संपतो ऐन हंगामात. समजा, पर्वरीतील एक लहान कंपनी होमस्टेच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर चालवते आणि मोरजीपासून पाळोळ्यापर्यंतच्या घरांचे पत्ते नकाशावर दाखवण्यासाठी तुमचा पत्ता-शोध एपीआय वापरते. पावसाळ्यात तिच्या रिक्वेस्ट, म्हणजे सेवेकडे पाठवलेल्या मागण्या, तुरळक असतात. नाताळच्या आठवड्यात त्यांची झुंबड उडते. अशा वेळी तुमच्या सेवेकडून ‘कोटा संपला’ एवढेच उत्तर गेले, तर तेथील प्रोग्रामरने थोडा वेळ थांबायचे, रिक्वेस्ट कमी करायच्या की वाढीव कोटा मागायचा? संदेश वाचून या तिन्हींपैकी एक पर्याय ठामपणे निवडता आला पाहिजे. पुढील सूचना याच कसोटीवर उतरवून घेतल्या आहेत.

आधी मर्यादेचा प्रकार ठरवा

मर्यादा मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिली वेगाची, म्हणजे दर सेकंदाला, मिनिटाला किंवा दिवसाला किती रिक्वेस्ट चालतील याची. ही ठरावीक वेळ गेली की आपोआप पुन्हा मोकळी होते. दुसरी संख्येची किंवा साठ्याची, म्हणजे एका खात्यात किती व्हर्च्युअल मशीन, किती डिस्क, किती स्थिर आयपी पत्ते ठेवता येतील याची. ही कितीही वाट पाहिली तरी मोकळी होत नाही; जुने काही काढून टाकावे लागते किंवा मर्यादा वाढवून घ्यावी लागते. दोन्हींना एकच त्रुटी दिली, तर संख्येची मर्यादा गाठलेला प्रोग्राम रात्रभर तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि सकाळी लॉगमध्ये हजारो सारख्या ओळी सापडतात.

या दोहोंहून वेगळी अशी तिसरी अवस्था आहे आणि तिला कोटा म्हणू नये, ती म्हणजे सेवा देणाऱ्याकडेच जागा उरलेली नसणे. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याने मशीन देणाऱ्या सेवेत हा भेद स्पष्ट ठेवलेला आहे. ‘व्हीसीपीयू-लिमिट-एक्सीडेड’ ही त्रुटी आली, तर तुमच्या खात्याची मर्यादा भरली आहे आणि ती वाढवून मागता येते. ‘इन्सफिशियंट-इन्स्टन्स-कपॅसिटी’ आली, तर त्या झोनमध्ये (डेटा सेंटरच्या त्या गटात) त्या घडीला तसे मशीनच शिल्लक नाही. तिथे कोटा वाढवून मागण्यात काही अर्थ नसतो, दुसरा झोन किंवा दुसऱ्या प्रकारचे मशीन पाहावे लागते. तुमची सेवा कितीही छोटी असली तरी ही दोन उत्तरे वेगळी ठेवा. आपल्याकडची कमतरता ग्राहकाच्या कोट्याच्या नावावर खपवणे हा एक प्रकारे अप्रामाणिकपणाच आहे.

स्टेटस कोड

वेगाच्या मर्यादेसाठी एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबच्या संवाद-नियमांत, ४२९ हा स्टेटस कोड (रिक्वेस्टचा निकाल सांगणारा आकडा) आहे. एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६५८५ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने तो दिला. वापरकर्ता कसा ओळखायचा आणि रिक्वेस्ट कशा मोजायच्या हे आपण ठरवत नाही, असे त्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ४२९ पाठवले की काम संपले असे मुळीच नाही. कोणाची, कशाची आणि किती मर्यादा हे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे एपीआय बांधणाऱ्यावर येते. ४२९ चे उत्तर कॅशमध्ये साठवू नये, अशीही सक्त सूचना त्यात आहे. मध्ये सीडीएन (उत्तरांच्या प्रती साठवून ठेवणारे मधले सर्व्हर) असेल तर ही गोष्ट तपासून घ्या, नाहीतर कोटा मोकळा झाल्यावरही ग्राहकाला जुनेच नकाराचे उत्तर मिळत राहील.

प्रत्यक्षात मात्र सगळे एकसारखे वागत नाहीत. ॲमेझॉनचा डेटाबेस डायनॅमोडीबी ठरलेला वेग ओलांडल्यावर ४०० (चुकीची रिक्वेस्ट) पाठवते, त्यांचीच फाइल-साठ्याची सेवा एस३ ‘स्लो-डाउन’ म्हणत ५०३ (सेवा उपलब्ध नाही) पाठवते, अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणारी कुबरनेटिस ही प्रणाली रिसोर्स-कोटा ओलांडल्यास ४०३ (मनाई) देते आणि गूगलच्या काही जुन्या एपीआयमध्येही कोट्यासाठी ४०३ च येतो. या सेवांना त्यांचा इतिहास सांभाळावा लागतो; नव्याने एपीआय बांधणाऱ्याला तसे काही बंधन नाही. वेगाच्या मर्यादेला ४२९ द्यावा. संख्येच्या मर्यादेला, माझ्या मते, ४०३ अधिक बरा, कारण अनेक क्लायंट लायब्ररी (ग्राहकाच्या बाजूने रिक्वेस्ट पाठवणारा तयार कोड) ४२९ दिसताच स्वतःहून पुन्हा प्रयत्न करतात आणि इथे तेच नको असते. ५०३ दोन्हींसाठी टाळावा. त्याचा अर्थ सेवाच कोलमडली आहे असा घेतला जातो आणि रात्रपाळीवरच्या माणसाला विनाकारण फोन जातो.

एचटीटीपीच्या साध्या उत्तरांऐवजी जीआरपीसी (प्रोग्रामांच्या आपसांतील संवादाची दुसरी पद्धत) वापरत असाल तर कोड ८, म्हणजे ‘रिसोर्स-एक्झॉस्टेड’, हाच उपलब्ध आहे. त्याच्या व्याख्येतच एका वापरकर्त्याचा कोटा संपणे आणि संपूर्ण फाइल-सिस्टिमची जागा संपणे ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी दिली आहेत. त्यामुळे सोबत तपशील पाठवला नाही, तर हा कोड ग्राहकाला जवळजवळ काहीच सांगत नाही. गूगलच्या सामायिक त्रुटी-रचनेत यासाठी ‘कोटा-फेल्युअर’, ‘एरर-इन्फो’, ‘रिट्राय-इन्फो’ आणि ‘हेल्प’ असे स्वतंत्र संदेशप्रकार आहेत. ते तसेच उचलावेत, नवे घडवत बसू नये. साध्या जेसन (माहिती नाव-मूल्य अशा जोड्यांत लिहिण्याची पद्धत) उत्तरासाठी आरएफसी ९४५७ चा साचा आहे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या या दस्तऐवजाने जुन्या ७८०७ ची जागा घेतली आणि ‘टाइप’, ‘टायटल’, ‘स्टेटस’, ‘डिटेल’, ‘इन्स्टन्स’ या पाच घटकांखेरीज स्वतःचे घटक जोडण्याची मुभाही त्यात आहे. कोट्याचे आकडे अशा जोडघटकांतच ठेवावेत.

संदेशात काय असावे

चांगल्या संदेशाचा नमुना पाहायचा असेल तर कुबरनेटिसकडे पाहावे. एखाद्या नेमस्पेसमध्ये (प्रणालीच्या एका स्वतंत्र कप्प्यात) १ गिबिबाइट, म्हणजे १०२४ मेबिबाइट, मेमरीची मर्यादा आहे, त्यातील ६०० मेबिबाइट आधीच मागून ठेवलेली आहे आणि नवा पॉड (तिथे चालणारा प्रोग्रामचा एक संच) ७०० मागतो, तर नकाराच्या उत्तरात कोट्याचे नाव येते आणि त्यापुढे तीन आकडे येतात: मागणी ७००, वापर ६००, मर्यादा १ गिबिबाइट. ही एकच ओळ वाचून पॉड लहान करायचा, जुना पॉड काढायचा की मर्यादा वाढवायची हे कोणालाही ठरवता येते. स्टेटस कोड ४०३ आहे की आणखी काही, याने मग फारसा फरक पडत नाही.

पर्वरीच्या त्या कंपनीला जाणारे उत्तर याच वळणाचे असावे. ‘क्षमस्व, मर्यादा ओलांडली गेली आहे, कृपया नंतर प्रयत्न करा’ या वाक्यात शिष्टाचार आहे, माहिती नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘पत्ता-शोध सेवेची दर मिनिटाच्या रिक्वेस्टची मर्यादा या प्रकल्पासाठी, मुंबई विभागात, पूर्ण वापरली गेली आहे. मर्यादा ६००, वापर ६००. १७ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करता येईल.’ यात मर्यादा ‘या प्रकल्पासाठी’ आहे हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. मर्यादा प्रकल्पाची आहे, एका एपीआय कीची (ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक मजकुराची) आहे, एका वापरकर्त्याची आहे की एका आयपी पत्त्याची, हे कळले नाही तर प्रोग्रामर नवी की तयार करून पाहतो, मग ऑफिसचे वाय-फाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहतो, आणि तास फुकट जातो. कित्येकदा खरा कोटा खाणारा प्रोग्राम निराळाच असतो, उदाहरणार्थ त्याच प्रकल्पाच्या कीवर कोणीतरी चालू ठेवलेली चाचणीची स्क्रिप्ट. विभागाचेही, म्हणजे सर्व्हर ज्या ठिकाणी आहेत त्याचेही, तसेच. अनेक मर्यादा विभागवार असतात, त्यामुळे मुंबई विभागात भरलेला कोटा सिंगापुरात रिकामा असू शकतो.

हे वाक्य माणसासाठी आहे. प्रोग्रामसाठी त्याच उत्तरात कधीही न बदलणारा कारण-कोड, कोट्याचे यंत्राला वाचता येईल असे नाव, मर्यादा, वापर, कालखिडकी (मर्यादा ज्या कालावधीत मोजली जाते तो) आणि कोटा वाढवण्याच्या पानाचा दुवा स्वतंत्र घटकांत द्यावा. वाक्यातला मजकूर पुढे सुधारला जाणारच. ग्राहकाने त्यात ‘कोटा’ हा शब्द शोधून निर्णय घेण्याची वेळ आणली, तर एक स्वल्पविराम हलवणेही अवघड होऊन बसते. रिक्वेस्टचा ओळख-क्रमांक प्रत्येक उत्तरात असावा, हे वेगळे सांगायला नको.

एका रिक्वेस्टमधून अनेक नोंदी घेणारा एपीआय असेल तर आणखी एक पेच असतो. १०० पत्ते आले आणि कोटा ६० चाच उरला, तेव्हा सगळे नाकारणार की ६० पूर्ण करणार? दोन्ही चालेल, पण काय केले ते सांगितलेच पाहिजे. डायनॅमोडीबीची एकगठ्ठा लेखनाची क्रिया न झालेल्या नोंदी वेगळ्या काढून परत पाठवते, जेणेकरून तेवढ्याच पुन्हा पाठवता येतात. नाकारलेली रिक्वेस्टसुद्धा कोट्यात मोजली जात असेल, तर तेही दस्तऐवजात लिहावे.

पुन्हा केव्हा यायचे

‘रिट्राय-आफ्टर’ या हेडरमध्ये (उत्तराच्या मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) सेकंदांची संख्या किंवा पूर्ण तारीख-वेळ, दोन्ही देता येतात. सेकंद द्यावेत, ग्राहकाच्या मशीनचे घड्याळ पुढे-मागे असले तरी सेकंद चुकत नाहीत. मात्र सर्वांना नेमके ६० सेकंद सांगितले, तर साठाव्या सेकंदाला सगळे एकदम परत येतात आणि पुन्हा तीच कोंडी होते. म्हणून सर्व्हरने आकड्यात थोडा अनियमित फरक ठेवावा आणि क्लायंटने प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करत, त्यातही थोडा यादृच्छिक फरक ठेवावा. संख्येच्या मर्यादेच्या उत्तरात हे हेडर अजिबात देऊ नये.

दिवसाच्या कोट्याबाबत दिवस कोणाचा, हा प्रश्न येतो. यूट्यूबच्या डेटा एपीआयचा रोजचा कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री पूर्ववत होतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजता. पणजीतला प्रोग्रामर रात्री बारापर्यंत जागून नव्या कोट्याची वाट पाहत बसला, तर दोष त्याचा नाही. ‘उद्या प्रयत्न करा’ असे कधीही लिहू नये. पूर्ववत होण्याची वेळ यूटीसीपासूनच्या (जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या) फरकासह द्यावी, आणि भारतीय वेळेत अर्ध्या तासाचा फरक असतो हे विसरून पूर्ण तासांचे गणित करणारा कोड कुठे नाही ना, ते पाहून घ्यावे.

नकार येण्याआधीच कळवता आले तर उत्तमच. गिटहब (कोड साठवण्याची सेवा) प्रत्येक उत्तरासोबत एकूण मर्यादा, उरलेला कोटा आणि पूर्ववत होण्याची वेळ हेडरमधून पाठवते. मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा ॲझ्युअरही उरलेल्या रिक्वेस्टची संख्या अशीच कळवते. शिवाय कोट्याचा ८० टक्के वापर झाला की खातेदाराला ईमेल जावा.

पडद्यावर आणि लॉगमध्ये

यातला कुठलाही आकडा होमस्टेच्या मालकिणीपर्यंत पोहोचता कामा नये. पेडण्यात बसून मोबाइलवर आरक्षण पाहणाऱ्या बाईंना ४२९ दाखवून काय साधणार? तिथे ‘नकाशा थोड्या वेळाने दिसेल, तुमचे आरक्षण मात्र नोंदवले आहे’ एवढे पुरे. आरक्षण खरोखरच नोंदवले गेले असेल तरच, अर्थात. दुसऱ्या ग्राहकांचा वापर, सर्व्हरची एकूण क्षमता आणि एपीआय की या गोष्टी तर प्रोग्रामरच्या संदेशातही येऊ नयेत.

सेवा चालवणाऱ्याने कोट्याचे नकार सर्व्हरच्या बिघाडांत मिसळू नयेत, पण नजरेआडही करू नयेत. कोट्याचे नाव आणि ग्राहक यांनुसार ते वेगळे मोजावेत. एकाच ग्राहकाचे नकार अचानक वाढले तर त्याच्या प्रोग्राममध्ये काहीतरी अडले असावे. अनेकांचे एकदम वाढले तर बहुधा आपणच मर्यादेचा आकडा चुकीचा चढवला आहे.

वाढीव कोट्याच्या अर्जातही हेच तपशील लागतात: कोट्याचे नाव, विभाग, सध्याची मर्यादा, हवी असलेली मर्यादा, कारण, आणि नकाराच्या एखाद्या उत्तराचा ओळख-क्रमांक वेळेसह. त्रुटीच्या संदेशातील दुव्यावर टिचकी मारताच यांतील बहुतेक रकाने भरलेले मिळावेत. अर्जावर निर्णय यायला दिवस लागू शकतात, म्हणून हंगामी व्यवसाय असणाऱ्या ग्राहकांना ऑक्टोबरमध्येच आठवण करणे शहाणपणाचे.

शेवटी चाचणी. चाचणीच्या खात्याची मर्यादा ५ वर आणा, सहावी रिक्वेस्ट पाठवा आणि आलेले उत्तर हा एपीआय न लिहिलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या. थांबायचे, कमी करायचे की मागायचे, हे त्याने दस्तऐवज न उघडता सांगितले नाही, तर संदेश पुन्हा लिहा. संख्येच्या मर्यादेसाठी हीच चाचणी वेगळी घ्या, आणि त्या वेळी क्लायंट लायब्ररीने आपणहून दुसरी रिक्वेस्ट पाठवली नाही ना, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहा.