वाफसा आहे तोवर घरापुरती भाजी लावा

कोकणात परसात फणस, कोकम, केळ, पपई सगळे असते, पण भाजीसाठी घाटावरून येणाऱ्या टेम्पोची वाट बघावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या पोटात जायला हव्यात, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. चौघांच्या घराला हे रोजचे दीड किलोच्या वर होते. एवढे विकत घेणे कितीजणांना जमते?

भात कापल्यावर शेत तसेच टाकू नका. जांभ्याची जमीन ओल धरत नाही, पाऊस गेला की लगेच कडक होते. म्हणून वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, असतानाच नांगरून वाल, चवळी, कुळीथ पेरून घ्या. वाल तर जमिनीतल्या ओलीवरच बराचसा वाढतो. शिवाय त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पुढच्या भाताला त्याचा उपयोग होतो. घराला प्रथिने मिळतात ती वेगळीच.

विहिरीजवळ गुंठाभर जागा असली तरी पुरे. लाल माठ महिन्याभरात काढणीला येतो. तो एकदम सगळा पेरलात की दोन आठवडे माठच माठ आणि मग काहीच नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरा. माठातले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागते, तेव्हा जेवताना लिंबू पिळा किंवा जेवणानंतर पेरू खा. मिरची-वांग्याची रोपे गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर करावीत आणि लावणीनंतर बुंध्याशी भाताचा पेंढा पसरावा, शिपणे बरेच वाचते. कारल्याला मांडव हवाच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तारा’ जात चांगली. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा.

वांग्याचे शेंडे माना टाकू लागले तर आत अळी आहे. ते खुडून जाळा, औषधाची घाई नको. चवळीवर मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळी पूड रात्रभर भिजत घालून गाळली की अर्क तयार.

मोरीचे पाणी केळीला किंवा अळूला सोडा, मुळा-माठाला नको. माकडांचा उपद्रव असेल तिथे काकडी-भोपळ्यावर फार भिस्त ठेवू नये. सुरण, हळद, आले त्यांना सहसा आवडत नाही. या कंदांची लावणी मात्र मे-जूनमध्ये, तोवर बेणे सावलीत जपून ठेवा.