गुरुवारची गळती

एनर्जी मॅनेजर म्हणून नव्यानं रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी पहिलं हेच सांगतो: कारखाना बंद असेल त्या दिवशी एकदा जाऊन या. आमच्या भोसरीकडे बहुतेकांची सुट्टी गुरुवारी असते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत मेंटेनन्सचे एक जुने फिटर मामा होते. एकही मशीन चालू नव्हतं. मशीनना दाबलेली हवा पुरवणारी लाइन भरून आम्ही घड्याळ लावलं. दर दहा मिनिटांत कॉम्प्रेसर तीन मिनिटं लोड घेत होता, म्हणजे हवा भरत होता, आणि सात मिनिटं अनलोड, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत होता. म्हणजे 75 किलोवॉटच्या कॉम्प्रेसरची 30 टक्के हवा नुसती गळत होती. तीन पाळ्यांचा हिशेब धरला तर दिवसाला 500 युनिटांच्या वर. मामांनी साबणाचं पाणी घेतलं आणि कपलिंग, व्हॉल्व्हचे ग्लँड, चिरलेले पाइप एकेक करून दाखवले. शेवटच्या मशीनला हवा पुरत नाही म्हणून कुणीतरी प्रेशर वाढवून ठेवलं होतं, तेही गळत्या बुजवल्यावर एक बारनं उतरवता आलं. एवढ्यानंच कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा जरूर द्या. मॅनेजरसाठी तीन पेपर, ऑडिटरसाठी चौथाही. तो पुस्तक उघडून सोडवायचा असतो, पण बॉयलरची, पंपांची गणितं आधी हातानं केलेली नसतील तर पुस्तक उघडून उपयोग होत नाही.

वीजबिल पूर्ण वाचायला शिका. महावितरण 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेऐवजी लाइनमधून घेतलेल्या एकूण विजेवर बिल आकारतं. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, घसरला की काम तेवढंच होऊनही बिलातली युनिटं वाढतात. अकाउंट्सच्या लोकांशी बोलायला याहून चांगला विषय नाही. पैसे मंजूर करून घेताना त्यांचीच साथ लागते.

आयएसओ 50001 या ऊर्जा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात बेसलाइन (तुलनेसाठीचा सुरुवातीचा आकडा) आणि पुनर्मापनावर इतका भर का, हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्याच कॉम्प्रेसरची गळती पुन्हा 18 टक्क्यांवर गेली होती. पाइप हलतात, सील झिजतात, कुणी घाईत जोड तसाच सोडतं. तेव्हापासून महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी मामा आणि एक शिकाऊ मुलगा घड्याळ घेऊन कॉम्प्रेसर रूममध्ये बसतात. आकडा शॉप फ्लोअरच्या दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिला जातो.