कुरजां बघायला जोधपूरला निघालात? या चुका टाळा

कुरजां म्हणजे आपले कांड्या करकोचे. ते बघायला पहिल्यांदा खीचन या गावी गेलो तेव्हा आम्ही जोधपूरहून आठला निघालो होतो. कचोरी खाऊन, दोन चहा मारून, अगदी निवांत. साधारण दीडशे किलोमीटर तर जायचं होतं. पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. चुग्गाघराच्या, म्हणजे पक्ष्यांना धान्य टाकायच्या जागेच्या, कुंपणाआत ज्वारीचा भुसा, राखाडी पिसं आणि दोन-तीन कबुतरं एवढंच उरलेलं. शेजारच्या ओट्यावरच्या आजोबांनी आमच्या गळ्यातल्या दुर्बिणींकडे बघून नुसती मान हलवली. असे लोक त्यांना रोज दिसत असणार.

म्हणून सर्वांत मोठी चूक पहिल्यांदा सांगतो: खीचनला जोधपूरहून एका दिवसात उरकायची जागा समजणं. मुक्काम फलोदीला करा. तिथून खीचन चार-पाच किलोमीटरवर आहे. गावकरी चुग्गाघरात धान्य पसरून ठेवतात आणि पक्षी सकाळीच ते खाऊन निघून जातात. पहाटे चारला उठायची मात्र गरज नाही. हा भाग इतका पश्चिमेला आहे की जानेवारीत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. सातपर्यंत जागेवर असलात तरी चालतं.

थवे लगेच उतरत नाहीत, हेही माहीत असू द्या. आधी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जमतात, मग चुग्गाघरावर घिरट्या घालतात. एखादं कुत्रं दिसलं की पुन्हा वर. ‘येत नाहीत वाटतं’ म्हणून लोक चहाला जातात आणि नेमके तेव्हाच शेकडो पक्षी एकदम खाली येतात. बसून राहा. गच्चीवरून छान दिसतं, पण ती गच्ची कुणाच्या तरी घराची असते. आधी ‘राम राम सा’ म्हणा, विचारा आणि चपला खाली काढून मगच जिना चढा.

आणि उशीर झालाच तर? परत फिरू नका. खाऊन झालं की हेच पक्षी गावाजवळच्या तळ्यांवर पाणी प्यायला आणि विसावायला जातात. त्या दिवशी आम्हीही अखेर तिथेच गेलो. पोटभर बघायला मिळालं, फक्त उजेड डोक्यावर आलेला.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते की कुरजां दिसल्या, बदकं नाहीत. बरोबरच आहे. मंगोलिया, कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून येणाऱ्या कुरजां ऑगस्टअखेर, सप्टेंबरपासून दिसू लागतात आणि मार्चपर्यंत परततात. बदकांची गर्दी मात्र थंडी पडल्यावर होते. दोन्ही हवं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. तेव्हा पहाटे बोटं आखडतात आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधावा लागतो. कपडे एकावर एक घाला, फक्त रंग मळकट ठेवा.

आता पाण्याची गोष्ट, कारण वाळवंटात ती सगळ्यात फसवी. जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर गुढा बिश्नोइयां गावाचं तळं आहे. तिथे कुरजां येतात, काठावर काळवीट चरतात, फारच देखणी जागा. पण ते पाणी पावसाचं. पाऊस कमी झाला की तळं आटत जातं, आणि फोनवरच्या नकाशात मात्र ते बारा महिने निळंशार दिसतं. मी स्वतः त्या निळ्या ठिपक्यावर भरवसा ठेवून भेगाळलेल्या मातीसमोर उभा राहिलोय. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात किंवा टॅक्सीवाल्याला विचारा, ‘गुढ्याला पाणी आहे का?’ नसेल तर शहराच्या पश्चिमेच्या कायलाना तलावावर जा. त्यात कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे तो असा दगा देत नाही. तिथे कुरजांपेक्षा पाणकावळे जास्त भेटतील, पण रिकाम्या तळ्यापेक्षा बरं. आटत आलेल्या तळ्याच्या काठावर वरून कोरडी दिसणारी पापडी असते आणि खाली चिखल. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका.

ओळखण्यातले घोटाळे मला सगळ्यात आवडतात, कारण निम्मा दोष आपल्या भाषेचा आहे. मराठीत ‘करकोचा’ हा शब्द क्रेन आणि स्टॉर्क अशा दोन वेगळ्या कुळांना लावतात. कुरजां म्हणजे कांड्या करकोचा हा क्रेन, हिवाळ्यात जायकवाडीला येतो तोच. पण पांढरा करकोचा, काळा करकोचा हे निराळे, ते स्टॉर्क. सोपी खूण म्हणजे, झाडावर बसलेला दिसला तर तो कांड्या नव्हे. त्याचं मागचं बोट आखूड आणि वर असतं, फांदी धरता येत नाही. दुसरी खूण आवाजाची. कांड्या खणखणीत ओरडतो, दुसरे बरेचसे गप्प असतात आणि घरट्यावर चोच वाजवतात. उडताना मान ‘एस’सारखी दुमडलेली असेल तर तो बगळ्याच्या जातीचा. थव्यात एखाद्या पक्ष्याच्या माथ्यावर लाल ठिपका दिसला तर तो कॉमन क्रेन असू शकतो. कांड्याच्या डोळ्यामागे पांढरा तुरा असतो आणि गळ्याची काळी पिसं छातीवर लोंबतात.

बदकांत ऑक्टोबरमध्ये वेगळीच पंचाईत होते. नुकतेच आलेले बरेच नर अजून माद्यांसारखेच तपकिरी दिसतात, त्यामुळे पुस्तकातल्या रंगीत नराशी काहीच जुळत नाही. रंग सोडा, आकार बघा. थापट्याची चोच पळीसारखी पसरट असते, तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार. चक्रवाक तेवढा बिचारा कायम नारिंगी, त्याला कुणीही ओळखतं.

फोटो धूसर येतात, लेन्स बिघडली असावी, असं म्हणून चांगली लेन्स दुरुस्तीला टाकणारे मी पाहिलेत. हे घरच्या घरी तपासता येतं, नव्हे, तळ्यावरच. पाच-सात मीटरवरच्या टिटवीचा फोटो काढा. तो लख्ख आला आणि दोनशे मीटरवरचा थवा पाण्यात बुडवल्यासारखा आला, तर लेन्स निर्दोष आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलायला लागते, आणि लांबची लेन्स ती हलणारी हवाच मोठी करून दाखवते. दूरचा विजेचा खांब लवलवताना दिसला की समजा, आता ट्रायपॉडही काही करू शकणार नाही. कॅमेरा पिशवीत ठेवा, दुर्बिणीने मोजणी करा, संध्याकाळी पुन्हा या. पहाटेच धूसर येत असेल तर कारण बहुधा गाडीतला हीटर असतो. गरम लेन्स थंड हवेत काढली की तिच्या पुढचीच हवा हलते. पोचल्याबरोबर कॅमेरा पिशवीतून बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा.

मोजणीवरून आठवलं. ‘लाखभर असतील हो’ हे दर गाडीत कुणीतरी म्हणतंच. दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा, मग तशा दहा जागांचे शंभर, आणि शंभराच्या ठोकळ्यांनी थवा मोजत जा. आकडा बराच खाली येतो.

जवळ जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. चरणाऱ्या माना एकदम ताठ वर झाल्या की तुम्ही आधीच जास्त जवळ गेलेला आहात. तिथेच थांबा, खाली बसा. माना पुन्हा झुकल्या नाहीत तर चार पावलं मागे या. सरळ त्यांच्या रोखाने चालण्यापेक्षा तिरकं चाला, आणि ड्रोन घरीच ठेवा. खीचन 2025 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, त्यामुळे गर्दी वाढणार हे उघडच आहे. धान्य द्यायचंच असेल तर चुग्गाघर सांभाळणाऱ्यांकडे द्या, बिस्किटं आणि फरसाण फेकू नका.

शेवटची गोष्ट लोक विसरतात. मेलेला किंवा पंख लुळे पडलेला पक्षी दिसला तर उचलू नका, पाणी पाजू नका. 2019 च्या हिवाळ्यात सांभर सरोवरावर हजारो पक्षी बोट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने, मेले, आणि 2021 च्या नोव्हेंबरात जोधपूरजवळ कापरड्याला कुरजां मेल्या त्या बर्ड फ्लूने. लांबून फोटो काढा, ठिकाण वनखात्याला कळवा आणि त्याच चिखलाच्या चपला घालून दुसऱ्या तळ्यावर जाऊ नका. गाडीत एक जुना ब्रश आणि पाण्याची बाटली त्यासाठीच ठेवतो मी.