टाचेला कोकमतेल, पोळल्यावर मात्र पाणीच

कोकणातल्या स्वयंपाकघरात त्वचेसाठी म्हणून जे जे हाताशी असते, त्यातले काही पदार्थ त्वचेवर नुसता थर धरून तिचा ओलावा राखतात आणि काही तिच्यावर थेट रासायनिक क्रिया करतात. पहिल्या प्रकारात बिघडण्यासारखे फारसे नसते, तर दुसऱ्या प्रकारातले बहुतेक पदार्थ दूरच ठेवलेले बरे.

पहिल्यातले सर्वांत भरवशाचे म्हणजे कोकमतेल. वाळलेल्या कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेली ही चरबी घरात गोळ्याच्या रूपात घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळू लागते, त्यामुळे ती टाचेच्या भेगेत मुरते आणि तिथेच टिकते. रात्री पाय १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवून कोरडे पुसावेत, सुपारीएवढे कोकमतेल पळीत घेऊन मंद आचेवर वितळवावे, बोटाला सहज सोसेल इतके निवू द्यावे, मग भेगांत भरून सुती मोजे घालावेत. कढत तेल भेगेत ओतण्याची जुनी रीत आजही दिसते. तिने भेग भरत नाही, पाय मात्र पोळतो. मधुमेह असलेल्यांनी, किंवा भेगेतून रक्त वा पू येत असल्यास, घरी प्रयोग न करता डॉक्टरांना पाय दाखवावा.

भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना हे तेल लावू नये, कारण तिथे सहसा बुरशी असते आणि तिला ओलावाच हवा असतो. बेचके कोरडे ठेवून बुरशीनाशक मलम डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावावे. खाज थांबली म्हणून ते मध्येच सोडू नये.

खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर ते छिद्रे बुजवते. ओले काजूगर सोलण्यापूर्वी बायका हाताला तेल चोळतात, त्यामागेही थराचाच विचार आहे. मी एकदा आळसाने ते चोळले नाही आणि पुढे आठवडाभर बोटांची साले निघत होती. काजूच्या टरफलातला तो चीक आणि बिब्ब्याचे तेल एकाच कुळातले, त्यामुळे भेगांत बिब्बा घालण्याचा उपाय कितीही अनुभवी हातांनी सुचवला तरी नाकारावा. बिब्बा उतला की फोड केवळ लावलेल्या जागी थांबत नाहीत.

कोणताही नवा पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून ४८ तास वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास तो विषय तिथेच संपवावा. लिंबू मात्र या परीक्षेतून फसवून निसटते, कारण त्याच्या रसातील काही द्रव्ये ऊन लागल्यावरच त्वचा भाजतात. घरात लावलेल्या रसाने काहीच होत नाही, पण तोच हात घेऊन मासळी वाळवायला उन्हात बसल्यास साधारण दिवसभराने लाली, मग फोड, आणि नंतर काही महिने टिकणारे काळसर डाग उमटू शकतात. ज्या डागांवर म्हणून लिंबू चोळले, त्यांत ही नवी भर. सरबत करतानाही रस उडाला असेल तर बाहेर पडण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

हळदीत दाह कमी करणारे द्रव्य आहे हे खरे. तरी मसाल्याच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. जखमेला आधी वाहते पाणी आणि साबण, मग स्वच्छ पट्टी, एवढे पुरे.

पोळल्यावर टूथपेस्ट, तूप, मीठ, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. बांगड्या आणि अंगठी काढून ती जागा साध्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. घड्याळ पाहावे, कारण अंदाजाने आपण दोन-तीन मिनिटांतच हात काढतो. फोड फोडू नये. पोळलेली जागा तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, सांधा वा लहान मूल यांचा प्रश्न असेल, तर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा, आणि वर हळद लावू नये, कारण तिच्या पिवळ्या रंगाखाली डॉक्टरांना जखम किती खोल आहे हे दिसत नाही.