सोलापुरात बसून फ्रेंच उमराव घराण्याची वंशावळ कशी लावायची (तोकव्हिल घराणं घेऊन)

आपल्याकडं सोलापूर भागात घराण्याच्या पिढ्या हव्या असल्या की हेळवी चोपडी उघडतो आणि खापरपणजोबापासून नावं म्हणून दाखवतो. फ्रान्समधली ही चोपडी सरकारकडं असते. १७९२ पासून तिथं जन्म, लग्न, मृत्यू सगळं नगरपालिकेच्या वहीत लिहायचा कायदा झाला, त्याआधीचं चर्चच्या वहीत, आणि आता जिल्हावार अभिलेखागारांनी यातल्या ढीगभर वह्या स्कॅन करून नेटवर फुकट टाकल्यात. म्हणजे घरी बसून मोबाईलवर बघता येतंय.

इतिहास नाहीतर राज्यशास्त्र घेतलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय, कारण नोट्समध्ये फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकव्हिलवर चार ओळी असतात, अमेरिकेला गेला, लोकशाहीवर लिहिलं, संपलं. त्या माणसाचं घर कळल्याशिवाय त्याचं लिखाण कळत नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून त्याचंच घराणं उदाहरणाला घेऊ.

आधी नाव नीट बघा. तोकव्हिल हे नॉर्मंडीतल्या त्यांच्या गावाचं नाव, घराण्याचं मूळ आडनाव क्लेरेल. त्यामुळं सूचीत एका नावाखाली सापडलं नाही तर लगेच सोडू नका, दुसऱ्याखाली बघा, ‘द’ तर बऱ्याच ठिकाणी धरतच नाहीत. दर दहा वर्षांची एक वर्णानुक्रमे सूची असते, आधी ती उघडायची आणि तिथून तारीख घेऊन मूळ नोंदीवर जायचं, नाहीतर पानं उलटता उलटता रात्र जाते. बाईची नोंद माहेरच्या आडनावानंच असते, लग्नानंतरसुद्धा, आणि याचा आपल्याला फार उपयोग होतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे बापाकडून सुरू करतात, तुम्ही आईकडून करा. लग्नाची नोंद मिळाली की दोन्हीकडच्या आईबापांची नावं एका पानावर मिळतात आणि आईकडची फांदी उघडते. अलेक्सीचे वडील एर्व्हे, आई लुईझ ल पेलतिए द रोझांबो, लग्न १७९३ चं, म्हणजे ऐन फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतलं. लुईझच्या आईचे वडील मालझेर्ब. हा माणूस राजाच्या राज्यात पुस्तकांच्या सेन्सॉरचा प्रमुख होता आणि तरी त्यानं विश्वकोश छापणाऱ्यांना सांभाळून घेतलं, करांच्या जाचाबद्दल राजालाच सुनावलं, आणि नंतर १७९२ मध्ये त्याच राजावर खटला उभा राहिला तेव्हा सत्तरी उलटलेली असताना स्वतःहून त्याचं वकीलपत्र घेतलं. २२ एप्रिल १७९४ ला मालझेर्ब, त्याची मुलगी, नात आणि नातजावई यांना एकाच दिवशी गिलोटिनवर चढवलं, जावयाला तर दोनच दिवस आधी. तो नातजावई म्हणजे लेखक शातोब्रियांचा थोरला भाऊ. एर्व्हे आणि लुईझही तुरुंगातच होते, जुलैअखेर तेव्हाचा क्रांतीचा सर्वेसर्वा रोबेस्पिएर पडला म्हणून वाचले, एर्व्हेचे केस वयाच्या बाविशीत पांढरे झाले होते म्हणतात. मागं राहिलेल्या ह्या थोरल्या शातोब्रियांच्या दोन पोरक्या मुलांना एर्व्हे-लुईझ ह्याच जोडप्यानं वाढवलं, तेव्हा वंशावळीच्या तक्त्यात त्या दोघांना ह्यांच्या घरात दाखवायला विसरू नका.

अशा घरात २९ जुलै १८०५ ला अलेक्सी जन्मला, इप्पोलित आणि एदुआर नंतरचा तिसरा, धाकटा. मालझेर्बनं राजापुढं जनतेची आणि जनतेपुढं राजाची बाजू मांडली, आणि आपण त्याचे वंशज आहोत हे कधी विसरणार नाही, अशा अर्थाचं अलेक्सीनं स्वतः लिहून ठेवलंय. उमरावाच्या पोटी जन्मून समतेबद्दल एवढं शांतपणे लिहिणारा माणूस कुठून आला याचं उत्तर मला तरी ह्या आईकडच्या फांदीत दिसतं.

तारखांचं एक बघा. १७९३ ते १८०५ च्या शेवटापर्यंत क्रांतीचं कॅलेंडर चालायचं, त्यामुळं नोंदीत २९ जुलै शोधाल तर मिळणार नाही, तिथं वर्ष १३, थर्मिदोर महिना, तारीख १० असं असणार. तारीख बदलून देणारे तक्ते नेटवर आहेत, आधी बदलून घ्या मगच वही उघडा.

अलेक्सीसारखा पॅरिसचा जन्म असला की आणखी एक अडचण. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या (पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या) लढाईत पॅरिसची नगरपालिका जळाली, दुसरी प्रत न्यायालयाच्या इमारतीत होती तीही गेली, १८६० आधीच्या जवळपास ऐंशी लाख नोंदी राख झाल्या आणि नंतर कागदपत्रं गोळा करून साधारण तिसरा हिस्साच परत उभा केला. म्हणून पॅरिसचं काही मिळालं नाही तर बाहेरगावचं धरा. अलेक्सी १६ एप्रिल १८५९ ला क्षयानं कान (Cannes) ह्या गावी वारला, आणि हे गाव तेव्हा व्हार जिल्ह्यात होतं, १८६० मध्ये आल्प-मारितीम जिल्हा झाला तेव्हा तिकडं गेलं, त्यामुळं जिल्हा निवडताना त्या वर्षीचा नकाशा डोळ्यापुढं ठेवा. धाराशिव (आधीचं उस्मानाबाद) आणि सोलापूरच्या हद्दीवरची गावं ज्यांना माहितीयत त्यांना हे सांगायची गरज नाही.

मग नवी पेठेतून मोठा ड्रॉइंग पेपर आणा आणि माणसांच्या नावाखाली नुसतं जन्म-मृत्यू न लिहिता काम आणि जमीनही लिहा. एर्व्हेखाली: राजेशाही परतल्यावर एकामागून एक जिल्ह्यांचा प्रीफेक्ट (आपल्याकडच्या कलेक्टरसारखा), १८२७ ला वरिष्ठ सभागृहात. १८०४ च्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा, थोरल्याला सगळं असं राहिलं नाही, आणि १८३६ मध्ये आई गेल्यावर वाटण्या झाल्या त्यात नॉर्मंडीतला वाडा धाकट्या अलेक्सीला आला. अलेक्सीखाली: १८३१ ला मित्र ग्युस्ताव्ह द बोमाँबरोबर तुरुंग बघायच्या कामावर अमेरिका, १८३९ पासून खासदार, १८४९ ला पाच महिने परराष्ट्रमंत्री. अल्जीरियावरच्या फ्रेंच कब्जाला त्याचा पाठिंबा होता हेही लिहा, गाळू नका. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं, इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या राज्यावर पुस्तक लिहायचं म्हणून त्यानं टिपणं काढली होती, ते पुरं झालं नाही, पण १८५७ च्या उठावावर त्यानं इंग्रज मित्रांना पत्रं लिहिली.

बायकोची जागा तक्त्यात मोठी ठेवा. मेरी मॉटली, इंग्रज, मध्यमवर्गीय, वयानं मोठी, घरच्यांना पसंत नसताना १८३५ मध्ये त्यानं लग्न केलं. मूल झालं नाही, ती १८६४ ला गेली, म्हणून ही फांदी इथं बंद करा आणि पुढच्या पिढ्या भावांच्या खाली काढा.

हे जमलं की लगेच बोमाँचं घराणं घ्या, त्यानं १८३६ मध्ये क्रांतीतला सेनापती लाफायेत याच्या नातीशी, क्लेमांतीनशी लग्न केलं. तिथंही तिच्याच बाजूनं सुरुवात करा.