जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी: टेबलावरचे चार्जिंग स्टेशन घ्यावे की पॉवर बँक?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत येणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या सामानात एक जाडजूड, वीस हजार एमएएचची (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप) पॉवर बँक बहुधा असतेच. भारनियमनाच्या काळात वाढलेल्या घरांत मोबाइल, टॉर्च आणि इन्व्हर्टर सतत चार्ज करून ठेवण्याची सवय असते आणि त्या सवयीनेच घरची माणसे निघताना ही वस्तू आग्रहाने बॅगेत घालतात. जर्मनीत मात्र वीज जवळजवळ जातच नाही. २०२३ साली इथल्या एका ग्राहकाची वीज संपूर्ण वर्षात सरासरी तेरा मिनिटांच्या आसपास खंडित झाली होती. त्यामुळे वीज गेली तर काय, हा प्रश्न इथे विचारण्याचे कारण नाही. फोनची बॅटरी उतरेल तेव्हा आपण कुठे असू, हा प्रश्न विचारावा, कारण चार्जिंग स्टेशन, म्हणजे एका सॉकेटवरून अनेक उपकरणे एकाच वेळी चार्ज करणारा अनेक पोर्टांचा चार्जर, घ्यायचे की पॉवर बँक, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

माझे मत आधीच सांगतो. चांगल्या चार्जिंग स्टेशनवर पैसे खर्च करावेत, पॉवर बँक लहान ठेवावी आणि ती पहिल्या दिवसापासून जवळ बाळगावी. मोठ्या पॉवर बँकेची गरज फार थोड्या लोकांना असते.

पहिल्या दिवसापासून म्हणण्याचे कारण तिकीट हे आहे. बहुतेक जण आल्या आल्या डॉइचलांड टिकेट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीत चालणारे मासिक तिकीट, घेतात. २०२६ च्या जानेवारीपासून त्याची किंमत महिन्याला ६३ युरो आहे आणि ते बहुतेकांच्या फोनमध्येच असते. तपासनीस आला आणि फोन बंद पडलेला असेल, तर तुमच्याकडे तिकीट नाही असेच धरले जाते, कारण फोन चालू ठेवण्याची जबाबदारी प्रवाशाची असते. साठ युरोंचा दंड लिहून मिळतो. तिकीट तुमच्या नावाचे असेल आणि ठरलेल्या मुदतीत कार्यालयात दाखवले, तर ही रक्कम सात युरोंपर्यंत खाली येते. पण भाषा अजून नीट येत नसताना हे सारे निस्तरणे नको वाटते. हे तिकीट लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसी गाड्यांत चालत नाही. आयसीईत प्रत्येक आसनाजवळ सॉकेट असते, पण हे तिकीट जिथे चालते त्या प्रादेशिक गाड्यांत आणि शहरातल्या ट्राममध्ये सॉकेट मिळेलच असे नाही. नेमक्या त्याच प्रवासात नकाशा, घरमालकाशी चाललेला पत्रव्यवहार आणि बँकेच्या व्यवहाराला मंजुरी देणारे अॅप अशी सगळी कामे फोनवरच येऊन पडतात.

या गरजेला दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरेशी आहे. डब्यावरचा हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि तो ३.७ व्होल्टच्या हिशेबाने लिहिलेला असतो. म्हणजे प्रत्यक्षात ३७ वॅट-तास ऊर्जा असते. ती ५ व्होल्टला रूपांतरित होऊन फोनपर्यंत पोहोचताना काही भाग उष्णतेत जातो आणि हाती सहा ते साडेसहा हजार एमएएच उरतात. आजकालच्या मोठ्या बॅटरीचा फोन त्यात एकदा पूर्ण भरतो, वर थोडी शिल्लक राहते, आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्याने ती कोटाच्या खिशात मावते. वीस हजारांची घेतल्यास वजन जवळपास दुप्पट होते, आणि मग ती दप्तरात जाते आणि दप्तर जड झाले की घरीच राहते. ज्यांना दिवसभर बाहेर लॅपटॉपवर काम करावे लागते आणि ज्यांचा लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतो, त्यांनी मोठी जरूर घ्यावी; मात्र तिच्यावर किमान ४५ किंवा ६५ वॅट आउटपुट लिहिलेले आहे ना, हे पाहावे, नाहीतर लॅपटॉप तिला ओळखणारही नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात टेबलाजवळ सहसा सॉकेट असते, त्यामुळे विद्यार्थ्यांना त्यासाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही.

हिवाळ्याविषयी एक सूचना. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता तात्पुरती कमी होते आणि चाळीस टक्के चार्ज दाखवणारा फोन थांब्यावर उभे असताना अचानक बंद पडू शकतो. पॉवर बँक दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. शून्य अंशाखालच्या तापमानातून घरी आल्यावर ती लगेच चार्जिंगला लावू नये. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण गोठणबिंदूखाली चार्ज केल्याने सेलचे कायमचे नुकसान होते.

आता खोलीकडे वळू, कारण पैसे खरे इथे खर्च करायचे आहेत. जुन्या इमारतींतल्या खोल्यांत एक-दोनच सॉकेट असतात आणि तेही बहुधा पलंगामागे. इथले सॉकेट, ज्याला जर्मनीत श्टेकडोझे म्हणतात, गोल आणि खोलगट असते. भारतातला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर पिनांच्या मापाने त्यात जातो, पण चार्जरचे अंग रुंद असेल तर ते त्या खोलगट वाटीत शिरत नाही आणि पिना आतपर्यंत पोहोचत नाहीत. तीन पिनांचा भारतीय प्लग तर बसतच नाही. यावर लोक मल्टिपिन अडॅप्टर लावतात, त्यावर भारतातून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड जोडतात आणि त्या बोर्डावर चार-पाच चार्जर टांगतात. हे करू नये. असे सांधे सैल राहतात, सैल सांधा तापतो, आणि पुष्कळ अडॅप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही.

लॅपटॉपच्या अडॅप्टरवरचा बारीक मजकूर एकदा नीट वाचा. पहिल्या ओळीत इनपुट म्हणून १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असते. भारताप्रमाणेच जर्मनीतही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असल्याने तुमची वीट, म्हणजे हा विटेसारखा अडॅप्टर, इथे निर्धास्त चालते. दुसऱ्या ओळीत आउटपुट असते, उदाहरणार्थ २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर. यांचा गुणाकार ६५ होतो आणि तेवढ्या वॅटचे चार्जिंग तुमच्या लॅपटॉपला लागते. आता विटेच्या भिंतीकडच्या बाजूला पाहा. तिथली वायर खेचली की सुटी होते आणि आत तीन पाकळ्यांसारखी खाच दिसते. फक्त ही वायर जर्मन प्लगची घ्यायची, ती काही युरोंत इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि मल्टिपिन अडॅप्टर कपाटात ठेवून द्यायचा.

चार्जिंग स्टेशन निवडतानाही हेच लक्षात ठेवावे. भिंतीत थेट खोचायचा ठोकळा न घेता, दीड मीटरच्या सुट्या वायरचे, टेबलावर ठेवायचे स्टेशन घ्यावे. पलंगामागच्या एकाच सॉकेटमधून टेबलावर वीज आणता येते आणि लॅपटॉप, फोन, इअरफोन, पॉवर बँक हे सारे एका जागी चार्ज होते. उद्या देश बदलला तर फक्त वायर बदलावी लागते. खोक्यावर ठळकपणे लिहिलेले शंभर वॅट हे एकूण असतात, हे मात्र विसरू नये. बारीक अक्षरांत खाली वाटणी दिलेली असते: फक्त पहिला पोर्ट वापरला तर शंभर, पहिला आणि दुसरा मिळून ६५ आणि ३०, तिसरा जोडला की पहिला ४५ वर उतरतो, अशा प्रकारची. प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी असते आणि स्टेशनची खरी किंमत या तक्त्यावरून कळते. तुमच्या लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील, तर फोन जोडलेला असतानाही पहिल्या पोर्टला ६५ मिळतात का, तेवढे पाहून निर्णय घ्यावा. नवी वस्तू जोडली की वाटणी नव्याने ठरते आणि क्षणभर सगळ्यांचे चार्जिंग थांबून पुन्हा सुरू होते. तो बिघाड समजू नये.

वायरचाही विचार करावा. सर्व यूएसबी-सी वायरी दिसायला सारख्याच असतात, पण साधी वायर ६० वॅटपर्यंतच वीज नेते. त्याहून जास्त हवे असेल तर १०० किंवा २४० वॅट असा उल्लेख असलेली घ्यावी लागते. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांसारखे फोन घेऊन येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. या फोनचे अतिवेगवान चार्जिंग त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालते, त्यामुळे सर्वसाधारण स्टेशनवर ते बरेच हळू चार्ज होतात. रात्रभर लावून ठेवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. सकाळी वीस मिनिटांत फोन भरायचा असेल तर मूळ चार्जर टाकून देऊ नये. गोल पिनेचा मोठा अडॅप्टर लागणारे गेमिंग लॅपटॉप तर स्टेशनच्या आवाक्याबाहेरच असतात.

खरेदी शक्यतो इथेच करावी. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्याने विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबलेटना यूएसबी-सी बंधनकारक झाले आहे आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपही त्या नियमात आले आहेत, म्हणून आज घेतलेले स्टेशन पुढच्या उपकरणांनाही चालेल. दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूत मूळचा दोष निघाल्यास दोन वर्षे कायद्याचे संरक्षण असते आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. भारतातून आणलेल्या चार्जरसाठी यातले काही मिळत नाही. अगदी स्वस्त, नाव नसलेली पॉवर बँक घेऊ नये, आणि नावाजलेली असली तरी तिचा मॉडेल क्रमांक तपासावा: २०२५ च्या जूनमध्ये अँकर कंपनीने आगीच्या धोक्यामुळे पॉवरकोअर १००००, मॉडेल ए१२६३, या पॉवर बँका अमेरिकेत दहा लाखांहून अधिक संख्येने परत मागवल्या होत्या. घरून आणलेली पॉवर बँक फुगलेली दिसली तर ती त्याच दिवशी वापरातून काढावी. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. महापालिकेच्या वेर्टस्टॉफहोफ नावाच्या संकलन केंद्रात नेऊन तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात द्यावी आणि ती फुगलेली आहे हे त्याला सांगावे.

रात्री पॉवर बँक गादीवर किंवा उशीखाली चार्जिंगला लावू नये. विद्यार्थ्यांच्या छोट्या खोल्यांत पलंग हेच टेबल होऊन बसते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. स्टेशनही कठीण, मोकळ्या पृष्ठभागावर ठेवावे, कारण पूर्ण भार असताना ते बरेच तापते.

सुट्टीत घरी जाताना पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवता येत नाही, ती हातातल्या सामानातच हवी. शंभर वॅट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची नेताच येत नाही. वीस हजारांची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असल्याने नियमात बसते, पण विमान कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक होत चालले आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण दुबईमार्गे मुंबईला जातात. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशामागे शंभर वॅट-तासांखालची एकच पॉवर बँक ठेवली आहे; ती विमानात वापरता किंवा चार्ज करता येत नाही, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही आणि तिच्यावर क्षमता स्पष्ट लिहिलेली असावी लागते. छपाई पुसट झालेली पॉवर बँक म्हणूनच प्रवासाला नेऊ नये. चार्जिंग स्टेशनमध्ये बॅटरी नसल्याने त्याला यातले कोणतेही बंधन नाही. ते मोठ्या बॅगेत टाकावे आणि भारतीय प्लगची वायर सोबत घ्यावी.